चोर, मार, विक्री: फ्रेंच रॅप समजून घेताना

पॅरिसच्या उत्तरेकडच्या वस्तीतलं रॅप कानावर पडलं की तीन शब्द हमखास भेटतात. ‘शुराव’ म्हणजे चोरणं, ‘माराव’ म्हणजे मारणं, ‘बिक्राव’ म्हणजे विकणं, आणि विकायचा माल बहुतेक वेळा गांजाच. फ्रेंचच्या पाठ्यपुस्तकात हे शब्द मिळत नाहीत, पण मराठी कानाला ते ओळखीचे वाटतात. वाटणारच. चोर, मार आणि विक्री ही आपल्याच घरची मुळं आहेत. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेलेल्या रोमा लोकांनी ती सोबत नेली. शेवटचा ‘आव’ हा रोमानी क्रियापदाचा ‘मी’साठीचा प्रत्यय. फ्रेंच पोरांनी तो शब्दाचाच भाग समजून उचलला.

फ्रेंच रॅपचा इतिहास नुसत्या गायकांच्या आणि अल्बमच्या यादीतून कळत नाही, तो भाषेतून कळतो. फ्रेंच ही युरोपातली फार जपलेली भाषा आहे. तिची राखण करायला १६३५ पासून अकादेमी फ्राँसेझ आहे, आणि शाळेत शुद्धलेखनाची कडक परीक्षा असते. अशा भाषेत न्यूयॉर्कचं एक बोलतं संगीत आलं, ते शहराबाहेर टाकलेल्या लोकांच्या तोंडी बसलं, आणि चाळीस वर्षांत त्याने फ्रेंच बोलण्याची रीतच बदलली. हे कसं झालं ते पाहू.

उपनगर नव्हे, बाँल्यू

आधी एका शब्दाची फोड करायला हवी. ‘बाँल्यू’चं भाषांतर सर्रास ‘उपनगर’ असं होतं. मुंबईच्या माणसाला उपनगर म्हटलं की पार्ला-बोरिवली आठवतं, त्यामुळे अर्थाचा घोटाळा होतो. पॅरिसमध्ये पैसा आत, वर्तुळाकार रस्त्याच्या आतल्या शहरात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची भीषण टंचाई होती, नाँतेरसारख्या ठिकाणी अल्जीरियातून आलेले मजूर पत्र्याच्या झोपड्यांत राहत होते. १९५० ते १९७० च्या दशकांत सरकारने शहराबाहेरच्या शेतजमिनीवर स्वस्त भाड्याच्या सिमेंटच्या लांबलचक इमारती उभ्या केल्या. ला कूरनव्हमधल्या अशाच एका वसाहतीला तिथल्या घरांच्या संख्येवरून ‘चार हजार’ असंच नाव पडलं.

सुरुवातीला या घरांत नळ, न्हाणीघर आणि हीटर मिळतो म्हणून लोक खूश होते. मग १९७० च्या दशकात कारखाने बंद पडायला लागले. ज्यांना परवडलं ते बाहेर पडले. मागे उरली अल्जीरिया, मोरोक्को, माली, सेनेगल, काँगो, ग्वादलूप, पोर्तुगाल अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबं आणि त्यांची फ्रान्समध्ये जन्मलेली मुलं.

फ्रान्सच्या प्रत्येक जिल्ह्याला क्रमांक असतो. पॅरिसचा ७५, उत्तरेकडच्या सेन-सँ-दनीचा ९३, मार्सेयचा १३. गाण्यात आकडा आला की तो बहुधा पत्ता असतो. ९३ ला नियमाने ‘कात्र-व्हाँ-त्रेझ’ म्हणायला हवं, पण रॅपर ‘नफ-त्रुआ’, म्हणजे ‘नऊ-तीन’ म्हणतात. सरकारी आकडा सुटा करून उच्चारला की तो आपल्या वस्तीचं नाव होतो.

१९८२ ते १९८८: आधी नाच, मग शब्द

नोव्हेंबर १९८२ मध्ये न्यूयॉर्कहून हिपहॉपचा, म्हणजे रॅप, डीजे, नाच आणि भित्तिचित्रं या सगळ्यांचा मिळून, एक जथा फ्रान्समध्ये आला. त्यात आफ्रिका बंबाटा, फॅब फाइव्ह फ्रेडी, नाचणारे रॉक स्टेडी क्रू आणि भिंती रंगवणारे डाँडी, फ्युचुरा असे लोक होते. त्याच वर्षी एका फ्रेंच माणसाच्या सेल्युलॉइड या कंपनीने ‘चेंज द बीट’ नावाची तबकडी काढली. तिच्या मागच्या बाजूला बीसाइड या नावाने एका अमेरिकन स्त्रीने फ्रेंचमध्ये रॅप केलं आहे. त्या बाजूच्या शेवटी यंत्रातून बदललेल्या आवाजात ‘फ्रेश’ हा शब्द येतो. जगभरच्या डीजेंनी तो इतका घासला की स्क्रॅचिंगचा, म्हणजे तबकडी हाताने मागेपुढे घासण्याचा, ठरलेला आवाज तोच झाला. हिपहॉपच्या मुळापाशी एक फ्रेंच धागा असा आहे.

१९८१ मध्ये मितराँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि रेडिओवरची सरकारी मक्तेदारी सुटली. शेकडो छोटी केंद्रं उघडली. त्यांना वाजवायला नवं काही हवंच होतं. जानेवारी १९८४ मध्ये तेएफ-१ या तेव्हाच्या सरकारी वाहिनीवर, रविवारी दुपारी, ग्वादलूपी वंशाच्या सिडनीने ‘एच.आय.पी. एच.ओ.पी.’ हा कार्यक्रम सुरू केला. निव्वळ हिपहॉपसाठी असा नियमित राष्ट्रीय कार्यक्रम तेव्हा अमेरिकेतही नव्हता. दर आठवड्याला त्यात नाचाचा एक धडा असे. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात पुठ्ठे पसरून पोरं तो गिरवत. वर्षभरात कार्यक्रम बंद झाला, आणि वर्तमानपत्रांनी ही लाट ओसरली असं ठरवून टाकलं.

खरं काम त्यानंतरच्या चार वर्षांत झालं. डी नास्टीने १९८४ मध्येच ‘पानाम सिटी रॅपिन’ हा पहिला फ्रेंच रॅप अल्बम स्वतःच्या पैशाने काढला होता. १९८६ मध्ये ला शापेल मेट्रोजवळच्या मोकळ्या जागेत त्याने न्यूयॉर्कच्या धर्तीवर उघड्यावरच्या मैफली भरवल्या. चारही बाजूंच्या भिंती रंगवलेल्या, मध्ये दोन टर्नटेबल. १९८८ च्या सुमारास रेडिओ नोव्हावर डी नास्टी आणि लिओनेल डी यांचा कार्यक्रम सुरू झाला. तिथे कोणीही पोरगा येऊन माईक धरू शकत असे. पुढच्या दशकातले बरेचसे मोठे आवाज या दारातून आत आले.

अडचण अशी: फ्रेंचमध्ये शब्दाला ठोका नाही

हा भाग सावकाश वाचावा. इंग्रजीत प्रत्येक शब्दाच्या एका ठरावीक अक्षरावर जोर असतो. तो जोर तालाच्या ठोक्यावर बसवला की अर्धं रॅप तयार. फ्रेंच शब्दाला स्वतःचा जोरच नाही. सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने पडतात, आणि थोडा भार येतो तो शब्दसमूहाच्या शेवटच्या अक्षरावर. मराठी माणसाला हे चटकन कळेल, कारण आपल्याकडेही शब्दाचा अर्थ जोरावर अवलंबून नसतो. फ्रेंच छंद लघु-गुरूही मोजत नाही, नुसती अक्षरं मोजतो. म्हणजे तो श्लोकापेक्षा अभंगाच्या जवळचा. मोठ्या अभंगात ६-६-६-४ अशी अक्षरं, तर फ्रेंचच्या ‘आलेक्झाँद्राँ’ या मुख्य वृत्तात १२ अक्षरं, सहावर यती.

आता तालाचं गणित. नव्वदच्या दशकातला नेहमीचा वेग मिनिटाला सुमारे ९० ठोके. चार ठोक्यांचा एक बार, म्हणजे २.६७ सेकंद. रॅपचं एक कडवं १६ बारचं असतं आणि फ्रेंच रॅपर त्याला ‘एक सेझ’, म्हणजे ‘एक सोळा’ म्हणतात. ते सुमारे ४३ सेकंदांत संपतं. एका बारमध्ये १६ बारीक घरं असतात. १२ अक्षरी ओळ त्यात टाकली की चार घरं श्वासाला उरतात. शाळेत पाठ केलेलं वृत्त असं रॅपच्या बारमध्ये नेमकं मावतं.

सुरुवातीच्या फ्रेंच रॅपमध्ये चूक एकच, आणि ती सगळीकडे ऐकू येते. अमेरिकन गाण्याची चाल उचलून शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर दिला जाई. फ्रेंच कानाला ते परदेशी माणसाच्या उच्चारासारखं वाटे. यातून तीन वाटा निघाल्या.

पहिली वाट एमसी सोलारची. डाकारमध्ये जन्मलेला, चाडच्या आईवडिलांचा हा मुलगा पॅरिसच्या दक्षिणेकडे वाढला. त्याने जोर काढूनच टाकला. शांत, बोलल्यासारखा आवाज, आणि लय सांभाळायला अनुप्रास. एकच व्यंजन ओळीत चार वेळा आलं की तेच ठोक्याचं काम करतं. त्याचा पहिला अल्बम १९९१ चा, दुसरा ‘प्रोझ काँबा’ १९९४ चा. त्यातलं ‘नुव्हो वेस्टर्न’ सर्ज गेन्सबूर या गीतकार-गायकाच्या जुन्या गाण्याच्या तुकड्यावर उभं आहे, म्हणजे फ्रेंच गीतपरंपरेचा धागा त्याने उघड हातात धरला. पुढे करारावरच्या वादात त्याचे पहिले चार अल्बम सुमारे वीस वर्षं बाजारातून गायब होते. पहिला २०२१ मध्ये परत आला. एका अख्ख्या पिढीला तो फक्त जुन्या सीडींवर ऐकता आला, ही या इतिहासातली मोठी हानी आहे.

दुसरी वाट सँ-दनीच्या सुप्रीम एनटीएमची. नाव एका शिवीची आद्याक्षरं. फ्रेंचमध्ये रागावून बोलताना पहिल्या व्यंजनावर मुद्दाम आघात करतात, तो त्यांनी अख्ख्या गाण्यात वापरला. भाषण देणारा पुढारी किंवा भांडणारा शेजारी जसा बोलेल तसं. त्यामुळे तो जोर परका वाटत नाही, राग वाटतो. जोई स्टारचा खरखरीत आवाज आणि कूल शेनची कातीव ओळ यांची जोडी त्यासाठीच जमली.

तिसरी वाट यमकाची, आणि ती नव्वदच्या मध्यापासून टाइम बाँब या पॅरिसच्या गटाने रुळवली. फ्रेंचमध्ये यमक जुळवणं फार सोपं. बहुतेक क्रियापदं ‘-ए’ने संपतात, हजारो नामं ‘-सिओं’ने. नवशिका प्रत्येक ओळ तिथेच आणून टेकवतो, आपल्याकडे नवा कवी ‘-तो’, ‘-ला’, ‘-ली’वर टेकवतो तशी. ऐकणाऱ्याला चौथ्या ओळीत कंटाळा येतो. या मंडळींनी दोन-दोन, तीन-तीन अक्षरं जुळवायला सुरुवात केली, आणि यमक ओळीच्या शेवटून उचलून मधोमध पेरलं.

त्यांच्या मदतीला फ्रेंचची एक जुनी खोड आली: समोच्चारी शब्दांची रेलचेल. ‘व्हेर’ असा एकच आवाज काढा. हिरवा, किडा, काच, कवितेची ओळ, कुणाच्या दिशेने, असे पाच अर्थ त्यात बसतात. शेवटच्या दोघांचं लिखाण सारखं, बाकीच्यांचं वेगळं, पण उच्चार सगळ्यांचा एकच. कागदावर लिहिलं की कोडं सुटतं, म्हणून कोटी फक्त तोंडी चालते. रॅप तोंडीच असतं, त्यामुळे अशा कोट्यांचं तिथे पीक आलं.

आणखी एक सोय आहे ती मुक्या ‘अ’ची. ‘मी तुला ते सांगतो’ हे वाक्य सावकाश म्हटलं तर ‘ज त ल दी’, चार अक्षरं. भरभर म्हटलं तर ‘श्त ल्दी’, दोनच. मराठीत आपण ‘करतो’ लिहितो आणि ‘कर्तो’ म्हणतो, पण श्लोक म्हणताना ‘क-र-तो’ अशी तीन अक्षरं मोजतो, तसंच. फ्रेंच रॅपरकडे प्रत्येक ओळीत हे रबर असतं. घर रिकामं असेल तर मुका ‘अ’ उच्चारायचा, जागा नसेल तर गिळायचा. फक्त एकाच ओळीत दोन्ही रीती मिसळल्या की कान अडखळतो. जुना, शाळेचा उच्चार आणि रस्त्यावरचा उच्चार एकत्र आले की माणूस खोटं बोलतोय असं वाटतं.

मार्सेय

पॅरिसबाहेरचं मोठं केंद्र दक्षिणेकडचं हे बंदर. इथल्या आयअ‍ॅम या गटात इटालियन, अल्जीरियन, मादागास्कर, सेनेगल, स्पेन अशा मुळांची माणसं. त्यांनी नावं घेतली इजिप्तच्या फारोंची आणि पिरॅमिड बांधणाऱ्यांची: अखेनातोन, केऑप्स, इमोतेप. त्यामागे विचार होता. शाळेत संस्कृतीचा उगम ग्रीस-रोमपासून शिकवतात, तर आम्ही तो आफ्रिकेपासून मोजू, असं म्हणणं होतं. अखेनातोन तर नेपल्सहून आलेल्या कुटुंबातला. म्हणजे हे नाव वंशावरून आलेलं नाही, निवडून घेतलेलं आहे.

१९९७ चा त्यांचा ‘लेकॉल द्यु मिक्रो दार्जाँ’ हा अल्बम फ्रान्समध्ये दहा लाखांहून जास्त खपला. त्यातलं शेवटचं गाणं ‘दमँ से ल्वँ’ जवळपास नऊ मिनिटांचं आहे. ध्रुवपद नाही, थांबा नाही. आधी शुरिकेन, मग अखेनातोन. इथली रचना बारकाईने ऐकावी: एका ओळीचा शेवटचा शब्द पुढच्या ओळीच्या सुरुवातीला उचललेला, साखळीची कडी कडीत अडकवावी तसा. आपल्या काव्यशास्त्रात याच्या जवळच्या अलंकाराला दामयमक म्हणतात. वस्तीतल्या रोजच्या दिवसाची गोष्ट आहे, आणि तो दिवस संपतच नाही हे ही साखळी सांगते. फ्रेंच रॅपमधलं एकच गाणं निवडायचं झालं तर हेच निवडावं.

चाळीस टक्क्यांचा कायदा

१ फेब्रुवारी १९९४ च्या कायद्याने रेडिओ केंद्रांवर एक अट आली. लोक जास्त ऐकतात त्या वेळात वाजणाऱ्या गाण्यांपैकी किमान ४० टक्के फ्रेंच किंवा फ्रान्सच्या प्रादेशिक भाषांतली हवीत, आणि त्यातली निम्मी नव्या कलाकारांची किंवा नवी. १ जानेवारी १९९६ पर्यंत ती पाळणं सक्तीचं होतं. लोक याला ‘तूबाँ कायदा’ म्हणतात, पण ती चूक आहे. तूबाँचा भाषा-कायदा त्याच वर्षी ऑगस्टमधला आणि वेगळा. ही अट खासदार मिशेल पेल्शा यांच्या दुरुस्तीतून आली.

तरुणांसाठीची केंद्रं तोवर अमेरिकन गाण्यांवर चालत. आता त्यांना रोज तासाला काही नवी फ्रेंच गाणी शोधणं भाग होतं. नवं, फ्रेंच आणि तरुणांना आवडणारं असं त्या घडीला रॅपकडेच भरपूर होतं. १९९६ मध्ये स्कायरॉक या राष्ट्रीय केंद्राने जवळपास सगळा कार्यक्रम रॅपला दिला. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जुन्या वळणाचं गीत होतं. त्याचं पाणी मिळालं बाँल्यूच्या शेताला.

याचे तोटेही झाले. रेडिओला साडेतीन मिनिटांचं, गुणगुणता येईल अशा ध्रुवपदाचं गाणं हवं होतं. लेखक त्याप्रमाणे लिहायला लागले. नऊ मिनिटांचं गाणं रेडिओवर लागेना. आणि अट पूर्ण करायला केंद्रं तीच दहा गाणी दिवसभर फिरवायची. म्हणून २०१६ मध्ये नियम सुधारला: एखाद्या केंद्राच्या फ्रेंच प्रक्षेपणात सर्वाधिक वाजणारी दहा गाणी निम्म्याहून जास्त जागा खात असतील, तर वरचं प्रक्षेपण टक्केवारीत धरायचं नाही.

उलटी भाषा

लहानपणी ‘च’ची भाषा बोललेल्यांना व्हेरलाँ समजायला दोन मिनिटं पुरतील. आपण ‘तू कुठे आहेस’चं ‘चतू चठेकु चहेसआ’ करायचो: पहिलं अक्षर मागे, पुढे ‘च’. फ्रेंच पोरं ‘च’ लावत नाहीत, नुसती अक्षरं उलटवतात. ‘लाँव्हेर’ म्हणजे उलट. त्याचं झालं ‘व्हेर-लाँ’. नावातच कृती आहे.

दोन अक्षरी शब्द सरळ उलटतो: ‘लूश’ (संशयास्पद) मागचा मुका ‘अ’ धरून ‘श-लू’ होतो. एक अक्षरी शब्दाचे आवाजच उलटवायचे: ‘फू’ (वेडा) चा ‘ऊफ’. तिसऱ्या प्रकारात उलटवून झाल्यावर शेपूट कापतात: ‘फाम’ (बाई) चं ‘म-फा’, मग ‘मफ’. पोलिसाला ‘फ्लिक’ म्हणतात, त्याचं ‘क-फ्ली’, मग ‘कफ’. नवशिके इथे अडखळतात, कारण शेपूट कुठे कापायचं याला नियम नाही. वस्तीत जे रूढ झालं ते बरोबर.

ही युक्ती रॅपच्या आधीपासूनची, पण ती देशभर पोचवली रॅपने. आज ‘मफ’ आणि ‘कफ’ फ्रेंच शब्दकोशांत आहेत. शब्दकोशात गेलेला शब्द मग पोरांना नकोसा होतो. ‘आराब’चं ‘बर’ झालं होतं. १९८३ मध्ये मार्सेय ते पॅरिस अशी समतेसाठी पदयात्रा निघाली, तिला वर्तमानपत्रांनी ‘बरांची यात्रा’ म्हटलं. शब्द मंत्र्यांच्या तोंडी आला. मग तो पुन्हा उलटवला गेला: ‘रबू’.

बाकीचे शब्द चारी दिशांनी येतात. ‘किफे’ म्हणजे मनापासून आवडणं. अरबी ‘कैफ’पासून आलेलं, आणि आपला ‘कैफ’ही तोच. ‘वेश’ ही अल्जीरियन अरबीतली हाक. ‘साँजाये’, म्हणजे मजा करणं, हे आयव्हरी कोस्टच्या आबिजानमधल्या नूशी बोलीतलं. पैशाला ‘ब्ले’ म्हणजे गहू किंवा ‘ओझेय’ म्हणजे चुका ही आंबट पालेभाजी. हे दोन्ही पॅरिसच्या जुन्या चोरबोलीतले, मुंबईतल्या पेटी-खोक्याच्या जातकुळीचे. एका ओळीत शंभर वर्षांपूर्वीची पॅरिसची गल्ली, माघरेबचं, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या अरबी मुलखाचं, बंदर आणि रोमा तांडा शेजारी बसतात. फ्रेंच बिघडली असं म्हणणाऱ्यांना हेच दिसत नाही की भाषा जिवंत ठेवण्याचं इतकं काम गेल्या चाळीस वर्षांत दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

गाणं कोर्टात

राज्याने एका हाताने टक्केवारी दिली, दुसऱ्या हाताने समन्स. १४ जुलै १९९५ ला ला सेन-स्युर-मेर इथे वंशद्वेषविरोधी कार्यक्रमात एनटीएमने मंचावरून पोलिसांना शिव्या दिल्या. शेजारच्या तूलाँ शहरात महिनाभर आधीच फ्राँ नास्योनाल या अतिउजव्या पक्षाचा महापौर निवडून आला होता. नोव्हेंबर १९९६ मध्ये तूलाँच्या कोर्टाने दोघांना सहा महिने कैद सुनावली, त्यातले तीन महिने प्रत्यक्ष, आणि वर सहा महिने गायची बंदी. अपिलात ती दोन महिने स्थगित कैद आणि दंडावर आली. सार्सेलच्या मिनिस्तेर आमेर या गटाला १९९५ च्या एका गाण्यापायी अडीच लाख फ्रँक दंड झाला. ते गाणं मात्यू कासोव्हिट्झच्या ‘ला एन’ या चित्रपटावरून प्रेरणा घेतलेल्या अल्बममधलं होतं. त्याच चित्रपटात डीजे कट किलर खिडकीत स्पीकर ठेवून एडिट पियाफचा आवाज पोलिसांवरच्या रॅपमध्ये मिसळतो. जुनं आणि नवं फ्रेंच गाणं एकाच इमारतीतून बाहेर पडतं.

सगळ्यात लांबलेला खटला गाण्यावरचा नव्हताच. २००२ मध्ये ला रुमर गटाच्या आमेने अल्बमसोबतच्या छोट्या मासिकात पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूंबद्दल लेख लिहिला. गृहमंत्रालयाने अब्रुनुकसानीचा दावा लावला. कायदा १८८१ चा, वृत्तपत्र स्वातंत्र्याचा. आमे सुटला, सरकार वर गेलं, तो परत सुटला, सरकार परत वर गेलं. आठ वर्षांनी, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयात तो कायमचा निर्दोष ठरला.

२००५ च्या ऑक्टोबरात क्लिशी-सू-ब्वामध्ये पोलिसांपासून लपताना दोन मुलं विजेच्या उपकेंद्रात मरण पावली आणि तीन आठवडे देश पेटला. त्यानंतर सुमारे २०० खासदारांनी सात रॅप गटांवर आणि गायकांवर कारवाई मागितली. ज्या गाण्यांत या आगीची सूचना दहा वर्षं आधीपासून होती, त्यांनाच आग लावणारं ठरवलं गेलं.

फ्रान्सच्या बाहेर

डाकारमध्ये १९८९ मध्ये पॉझिटिव्ह ब्लॅक सोल सुरू झालं, आणि सेनेगली रॅप हळूहळू फ्रेंचमधून वोलोफ या तिथल्या भाषेकडे वळलं. आईला कळलं पाहिजे, हे साधं कारण. २०११ मध्ये काओलाकच्या कर गी या गटातले रॅपर आणि काही पत्रकार यांनी ‘यान आ मार’, म्हणजे ‘पुरे झालं’, ही चळवळ उभी केली. तिने तरुणांची मतदार नोंदणी केली, आणि २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्दुलाय वाद निवडणुकीत हरले. बेल्जियममधून बेनी बी १९९० मध्येच आला होता. नंतर तिथूनच स्ट्रोमे आणि दाम्सो आले. क्वेबेकमध्ये प्रश्न उलटा पडतो. तिथे फ्रेंच बहुसंख्य असली तरी अख्ख्या उत्तर अमेरिकेत ती अल्पसंख्य आहे, त्यामुळे इंग्रजी मिसळणं म्हणजे घर पोखरणं असं अनेकांना वाटतं. माँट्रियलच्या डेड ओबीझ गटाला २०१६ च्या अल्बममध्ये फ्रेंच शब्द ठरलेल्या ७० टक्क्यांपेक्षा कमी भरले म्हणून १८,००० डॉलरचं अनुदान परत करावं लागलं.

२००० नंतर

ल्युनाटिक या गटाचा ‘मोव्हे-ज्यय’ (२०००) हा अल्बम कुठल्याही मोठ्या कंपनीशिवाय निघाला आणि गोल्ड डिस्क या खपाच्या मानापर्यंत गेला. तेव्हापासून स्वतःची कंपनी काढणं ही फ्रेंच रॅपरांची पहिली पायरी झाली. त्यातला बूबा पुढे वीस वर्षं अग्रभागी राहिला. त्याच्या प्रतिमांवर २००३ मध्ये एका प्रतिष्ठित साहित्यिक नियतकालिकाने गंभीर लेख छापला. २००६ मध्ये दियाम्सचा ‘दाँ मा ब्यूल’ वर्षातल्या सर्वाधिक खपाच्या अल्बमांत होता. बाईने लिहिलेलं रॅप इतक्या घरांत त्याआधी पोचलं नव्हतं.

मग आवाज बदलला. बूबाने २००८ च्या अल्बममध्ये ऑटोट्यून मोठ्या प्रमाणात आणलं. हे यंत्र गायलेला सूर जवळच्या ठरलेल्या सुरावर ओढतं. ओढण्याचा वेग शून्यावर ठेवला की आवाज पायऱ्यांवरून उडी मारल्यासारखा ऐकू येतो. आधी गाण्याची पट्टी नीट भरली नाही तर यंत्र भलत्याच सुरावर ओढतं, आणि स्वर लांबवला नाही तर त्याला धरायला काहीच नसतं. म्हणून व्यंजनं कमी झाली, ओळी आखूड झाल्या, शब्दांऐवजी स्वर बोलू लागले. जुन्या श्रोत्यांना हे उतरण वाटलं. कोर्बेय-एसोनच्या दोन भावांचं पीएनएल ऐकलं तर तसं वाटत नाही. वस्तीतला रिकामा वेळ त्या लांबलेल्या स्वरांत जितका येतो तितका दाट यमकांत येत नाही. त्याच काळात काँगो आणि आबिजानचे नाचाचे ताल आत आले, आणि मार्सेयच्या ज्यूलने वेगवान, अंगणातल्या लग्नासारखं संगीत रुजवलं. ८ मे २०२४ ला ऑलिंपिकची ज्योत मार्सेयच्या जुन्या बंदरात उतरली, तेव्हा कुंड पेटवलं ते ज्यूलने.

त्याच वर्षी २६ जुलैला उद्घाटन सोहळ्यात आया नाकामुरा गायली. जन्म बामाकोचा, वाढ ९३ मधल्या ओल्ने-सू-ब्वातली. तिचं गाणं रॅपच्या कडेला उभं असलं तरी तिची भाषा याच मुशीतली. तिचं नाव चर्चेत येताच महिनोन् महिने तिच्यावर वंशद्वेषी हल्ले झाले होते. ती उभी होती पाँ दे झार या पुलावर, अकादेमीच्या घुमटासमोर, आणि साथीला होतं गार्द रेप्युब्लिकेन या लष्करी दलाचं वाद्यवृंद पथक.

ऐकायला सुरुवात कशी करावी

‘दमँ से ल्वँ’ लावा. पहिल्यांदा शब्द समोर घेऊ नका. प्रत्येक बारच्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम, वाजतो, त्यावर बोट टेकवत राहा, आणि वाक्याचा शेवट त्या बोटावर येतो का पाहा. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवा आणि ओळीच्या शेवटचा शब्द पुढच्या ओळीत कुठे सापडतो ते अधोरेखित करा. मुक्या ‘अ’वर वेगळी खूण करा, उच्चारलेला आणि गिळलेला. मग सोलारचं ‘नुव्हो वेस्टर्न’ घ्या, अनुप्रास मोजा. एनटीएम त्यानंतर, कारण तिथे आवाजच इतका भिडतो की रचना निसटते. पीएनएलकडे शेवटी या.

शब्द अडला की शब्दकोश उघडण्याआधी तो उलटवून पाहा. नाहीच जमलं तर अरबीत शोधा, मग रोमानीत. शेवटी ‘आव’ दिसला तर तो कापून टाका आणि उरलेला शब्द मोठ्याने म्हणा. आणि ‘रबू’सारखा एखादा शब्द एकदा उलटवूनही अर्थ देत नसेल तर पुन्हा उलटवा, तो दोनदा फिरवलेला असतो.